ओट्यामागची भिंत

टाइल्सच्या दुकानातल्या पोराला मी म्हणाले, "बॅकस्प्लॅशसाठी दाखवा." तो नुसता बघत राहिला. मी हातांनी हवेत एक ओटा काढला, त्यामागं एक भिंत काढली. शेवटी आमच्या मिस्त्री चाचांनी मागून सोडवणूक केली, "अरे डॅडो, डॅडो. ओटे के पीछे की दीवार." पोराचा चेहरा उजळला आणि त्यानं आम्हाला सरळ आतल्या रॅककडं नेलं.

हे परभणीत, एप्रिल २०२५ मध्ये. बाहेर रणरणतं ऊन, दुकानात कूलर, आणि माझ्या फोनमध्ये तीन वर्षं जमवलेले दोनशेबारा फोटो. मी पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. रात्री झोप आली नाही की लोक रील्स बघतात, मी परक्यांची स्वयंपाकघरं बघायचे. त्या फोटोंतून मी एक टाइल पक्की केली होती: तीन बाय सहा इंचांची, मॅट फिनिशची, गडद राखाडी. तिला सबवे टाइल म्हणतात, कारण १९०४ साली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा तिथल्या स्टेशनांच्या भिंतींना याच मापाच्या पांढऱ्या टाइल्स लावल्या होत्या. एक्सेल शीटसुद्धा केली होती. चौरस फुटाचा भाव, पाणी शोषण्याचं प्रमाण, तेलाचे डाग, ग्राउटचा रंग. ऑफिसात एवढं कधी डॉक्युमेंटेशन केलं नाही.

आईला शीट दाखवली. ती म्हणाली, "तुला आवडंल ते घे."

"स्वयंपाक तू करणार आहेस."

"मग काय झालं? टाइल थोडीच शिजवायचीय."

आमचं घर जिंतूर रोडच्या बाजूला आहे, तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर. अण्णांनी प्लॉट खूप आधी घेऊन ठेवला होता. तिथं बरीच वर्षं बाभळी आणि शेजाऱ्यांची म्हैस एवढंच होतं. अण्णा एसटीत कंडक्टर. २०२४ मध्ये चौतीस वर्षांनी रिटायर झाले, तेव्हा त्यांची ग्रॅच्युइटी आणि माझं होम लोन मिळून पाया खणला. त्याआधी आम्ही पाच भाड्याच्या घरांत राहिलो. पाचही घरांच्या भिंती मालकाच्या मर्जीच्या. एक गुलाबी, एक पिस्ता, बाकीच्या कोणे एके काळी पांढऱ्या असलेल्या. कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा तर आई वर जाऊन मालकिणीला विचारून यायची. अशा बाईला मी एकदम विचारत होते की ग्राउट राखाडी हवा की ऑफव्हाइट. तिला उत्तर येत नव्हतं असं नाही. प्रश्न आपल्याला विचारलाय, हेच तिला खरं वाटत नव्हतं.

दुकानात आई रॅकपाशी थांबत थांबत चालली होती. तिथं आपल्याकडचा खरा माल होता. वर फिक्कट टाइल, खाली गडद टाइल, आणि मध्ये एक 'हायलायटर', त्यावर कॉफीचे कप, वाफ, किटली, द्राक्षांची टोपली. हा संच आमच्या सगळ्या नातेवाइकांकडं आहे. मी नाक मुरडलं. आई कॉफीच्या कपाकडं बघत म्हणाली, "ह्याच्यात चहा कामून नसतो? इकडं कॉफी कोण पितंय?" दुकानातला पोरगा हसला आणि म्हणाला, "मावशी, माल मोरबीहून येतो." ते खरंच आहे. भारतात बनणाऱ्या टाइल्सपैकी बहुतेक गुजरातेतल्या मोरबीच्या पट्ट्यात बनतात, आणि आता त्यावरची चित्रं इंकजेट प्रिंटरनं छापतात. मार्बल, लाकूड, द्राक्षं, काय वाटेल ते. म्हणजे चहाचा कप छापायला तांत्रिक अडचण काहीच नाही.

मला हवी ती राखाडी टाइल त्या दुकानात नव्हती, पण तशीच दिसणारी मोठी टाइल होती. चाचांनी ती उचलून उजेडात धरली. "बेटा, देखने को अच्छी है. लेकिन बोरिंग का पानी है तुम्हारा. इसपे सफेद दाग बैठेगा, और तेल भी दिखेगा." माझ्या शीटमध्ये तेलाचा कॉलम होता, बोअरच्या क्षारांचा नव्हता. तरी मी ऐकलं नाही. चार नमुने घेऊन घरी आलो.

घर म्हणजे तेव्हा नुसता सांगाडा. गिलावा झालेला, फरशी व्हायची होती. ओट्याचा कडाप्पा बसला होता. मी चारही टाइल्स ओट्यावर उभ्या केल्या, विटेचा टेकू दिला आणि लांबून फोटो काढला. फोटो अगदी माझ्या दोनशेबारा फोटोंसारखा आला. तेवढ्यात अण्णा आत आले. जरा वेळ बघत राहिले.

"ही भिंत जळाल्यासारखी दिसायली," म्हणाले, आणि बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीचा कॉक बघत बसले. तो कॉक त्यांनी त्या दिवशी पाचव्यांदा बघितला असेल.

मला राग आला. दीड लाखाचा ओटा-ट्रॉली-चिमणी माझ्या पगारातून होणार होती आणि शेरा असा. मी आईला म्हणाले, ह्यांना मॉडर्न काही कळतच नाही. आई टाइलवरची धूळ पदरानं पुसत म्हणाली, "त्यानं जळालेली भिंत बघितलीय. तू नाही बघितली."

अण्णांनी ते त्या रात्री सांगितलं, तेही मी विचारल्यावर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. हे मला माहीत होतं. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला, हेही. दर वर्षी चौदा जानेवारीच्या भाषणांत मी ते ऐकत आले, आणि शाळेत एकदा त्यावर बोलून दुसरा नंबरही मिळवला. अण्णा तेव्हा बारा वर्षांचे होते, गोदाकाठच्या आमच्या गावात, हे मात्र मी कधी जोडून बघितलं नव्हतं. भाषणात तारीख होती. भिंत नव्हती.

ते म्हणाले, आम्ही रानात होतो, माणसं वाचली. परत आलो तर वरचं छप्पर गेलं होतं. मातीच्या भिंती तशाच उभ्या. चुलीमागची भिंत आधीही काळीच होती, पण चुलीचा धूर जेवढा चढतो तेवढीच. आता काळं पार वरपर्यंत गेलं होतं, जिथं छप्पर असायचं तिथपर्यंत. आजीनं पांढऱ्या मातीनं ती भिंत सारवली. पावसाळ्यात काळं परत वर आलं. पुन्हा सारवली, पुन्हा आलं. "तीन-चार साल तेच चाललं," अण्णा म्हणाले. "मग आम्ही पूर्णेला राहायला आलो, म्हणून ते सुटलं."

नंतर पेंटरकडून कळलं की धुराचा डाग पाण्याच्या रंगातून वर येतोच. त्याला आधी ऑइल प्रायमर मारावा लागतो. आजीला कोण सांगणार?

मी ते चार नमुने दुसऱ्या दिवशी परत दिले. दुकानदारानं कापलेल्या एका तुकड्याचे पैसे धरले.

पण राखाडी माझ्या डोक्यातून लगेच गेला नाही. मी विचार करत राहिले की मला तो एवढा का आवडायचा. पुण्यातल्या माझ्या खोलीत पडदा राखाडी, चादर राखाडी, लॅपटॉपची बॅग राखाडी. इंटिरियरवाले ह्याला न्यूट्रल म्हणतात. मी पुण्यात पहिल्यांदा खोली शोधत होते तेव्हा फोनवर प्रश्न यायचे: नॉनव्हेज खाता का, मित्र येतात का, आणि मग सहज विचारल्यासारखं, पूर्ण नाव काय म्हणालात? दोनदा खोली 'आत्ताच गेली' होती. तिसऱ्यांदा मी नुसतं पहिलं नाव सांगितलं आणि कंपनीचं आयडी कार्ड दाखवलं. तेव्हापासून ऑफिसच्या ईमेलवरसुद्धा आडनावाचं एकच अक्षर आहे. टाइलचा आणि ह्याचा काही संबंध नाही असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. असेलही नसेल. पण जो रंग घरातल्या माणसांबद्दल काहीच सांगत नाही तो मला सगळ्यात सुंदर वाटत होता, एवढं खरं.

आणि मग आई बोलली. भाजी निवडता निवडता, माझ्याकडं न बघता. "मला निळं पाहिजे."

"काय?"

"ओट्यामागं. निळ्या फरश्या लाव."

मला वाटलं, अण्णांचं ऐकून ती हे म्हणतेय. निळा म्हटल्यावर आमच्या घरात दुसरं काय डोळ्यासमोर येणार. १९४२ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढली तेव्हापासून आमचा झेंडा निळा आहे. जयंतीला गल्ली निळी असते, पुतळ्याचा कोट निळा असतो. पण आई म्हणाली, तसं नाही. तिच्या माहेरी स्वयंपाकाची भिंत निळी होती. दिवाळीच्या आधी तिची आई गावातल्या वाड्यांना चुना मारायला जायची. चुना पिवळट दिसू नये म्हणून त्यात चिमूटभर नीळ टाकतात. वाड्याच्या भिंती त्यामुळं पांढऱ्याशुभ्र दिसायच्या. उरलेली नीळ आजी पुडीत बांधून घरी आणायची. आणि घरच्या चुन्यात चिमूटभर कशाला, सगळीच ओतायची. वाडे पांढरे, आमचं घर निळंभोर. "निळ्यावर माशा बसत न्हाईत," असं आईचं म्हणणं आहे. ते खरं की खोटं मी मुद्दामच शोधलं नाही.

नीळ मात्र शोधली, कारण सवय. कपड्यांना घालायची नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. पूर्वी हा रंग लाजवर्द दगड कुटून काढायचे आणि तो सोन्याच्या भावात जायचा. एकोणिसाव्या शतकात कारखान्यात बनायला लागला तेव्हा तो पुडीत आला. गंमत अशी की निळ्या रंगांतला प्रशियन ब्लू चुन्यात टिकत नाही, अल्कलीत उडून जातो. अल्ट्रामरीन टिकतो. म्हणजे आजीची भिंत निळी राहिली ह्यामागं केमिस्ट्री होती. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "टिकत होता तेवढं आम्हाला माहीत होतं."

खरं भांडण यानंतर झालं, आणि ते बाहेरच्या रंगावरून. मला चेव चढला होता. मी म्हणाले, मग दर्शनी भिंतच निळी करू. अण्णा म्हणाले, "आत काय करायचं ते करा. बाहेर क्रीम."

वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या ठरल्या होत्या. त्या भाड्यातून माझ्या हप्त्याचा एक तुकडा निघणार होता. अण्णांचं गणित सरळ होतं: बाहेरून निळं घर दिसलं की भाडेकरूंची यादी अर्धी होते. आणि फक्त भाडं नव्हतं. आमचा स्लॅब पडायचा होता त्या डिसेंबरात, २०२४ मध्ये, परभणीत स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग धरपकड. पकडलेल्यांपैकी एक तरुण, कायद्याचं शिकणारा, न्यायालयीन कोठडीत असताना गेला. त्या आठवड्यात सेंट्रिंगवाले कामावर आले नाहीत आणि अण्णा रात्री प्लॉटवर जाऊन अर्धवट घराकडं बघून यायचे. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी म्हणाले, "म्हणजे घाबरून राहायचं?"

अण्णा म्हणाले, "तू पुण्यात राहतीस, माय."

ते रागानं म्हणाले असते तर मी काहीतरी बोलले असते. ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, तिकीट किती ते सांगावं तसं. शनिवारी रात्रीची गाडी पकडून मी परत जाणार होते. त्या घराबाहेर भाजी घ्यायला, बिल भरायला, शेजाऱ्याशी गटाराच्या उतारावरून वाद घालायला ते दोघं राहणार होते. बाहेर क्रीम ठरला.

निळी टाइल शोधणं सोपं नव्हतं. तिन्ही दुकानांत एकच उत्तर: "निळ्यात पाहिजे तर बाथरूमच्या सिरीजमध्ये बघा." स्वयंपाकघर म्हणजे क्रीम, चॉकलेटी, फार तर केशरी, आणि निळा म्हणजे संडास-बाथरूम किंवा स्विमिंग पूल, अशी वाटणी कुणी केली कोण जाणे. बाथरूमच्या सिरीजमध्ये मासे होते, शिंपले होते, डॉल्फिन होते. आई डॉल्फिनकडंही जरा वेळ बघत राहिली, तेव्हा मी घाबरले. शेवटी गंगाखेड रोडच्या एका दुकानात मागच्या गोडाऊनमध्ये साधी निळी टाइल मिळाली. बारा बाय अठराची, चकचकीत, वर काहीही न छापलेली. जुना माल, सात खोकी. खोक्यात सहा, म्हणजे नऊ चौरस फूट. आमची भिंत, इंग्रजी एलसारखी, सोळा फूट लांब, चार फूट उंच, म्हणजे चौसष्ट. सात नव्वे त्रेसष्ट. कट्टिंगमध्ये जाणारा माल मोजला तर आठ खोकी तरी पाहिजेत, हे मी शीटमध्ये स्वतः लिहून ठेवलं होतं. आईनं टाइलवर हात फिरवला आणि म्हणाली, "हीच." सात खोकी घेतली.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचं घर चालू असेल तर एवढं ऐका: खोक्यावर शेड नंबर आणि बॅच छापलेला असतो, तो बघा. एकाच नावाची टाइल दुसऱ्या बॅचमध्ये दुसरीच निघते, भट्टीचा प्रत्येक लॉट थोडा वेगळा भाजतो. आम्हाला काही टाइल्स कमी पडल्या. दुकानदारानं आठ दिवसांनी दुसरीकडून एक खोकं आणून दिलं, ते एक छटा फिक्कं. मी ते परत करायला निघाले होते. चाचा म्हणाले, "रुको." त्यांनी बसवलेल्या टाइल्सच्या टोकाला, खिडकीशेजारच्या कोपऱ्यात, त्या टाइल्स नुसत्या टेकवून दाखवल्या. तिथं दिवसभर उजेड पडतो, त्यामुळं डोळा म्हणतो की उजेडानंच फिक्कं दिसतंय. रात्री ट्यूबमध्ये फरक कळतो. "रात को कौन देखता," चाचा म्हणाले.

वरच्या भिंतीचा पांढरा निवडतानाही हेच झालं. मी फोनवर शेड बघून हेक्स कोड लिहून नेला होता. दुकानातला माणूस सौम्यपणे म्हणाला की मॅडम, आपल्याकडं कार्डचा नंबर चालतो. फोन उजेड फेकून रंग दाखवतो, भिंत उजेड गिळून. मशीननं पांढऱ्या बेसमध्ये रंगाचे चार थेंब टाकले, डबा गदागदा हलवला आणि जो पांढरा तयार झाला तो निळ्याशेजारी लावल्यावर पिवळट दिसायला लागला. आई म्हणाली, "थोडी नीळ टाकायला सांग." पेंटरनं खरंच निळ्या स्टेनरचे काही थेंब टाकले, आणि भिंत पांढरी झाली.

वास्तूला आम्ही बुद्धवंदना घेतली, दोनशे माणसं जेवली, आणि त्यातल्या प्रत्येक बाईनं स्वयंपाकघरात येऊन भिंतीला हात लावला. माझ्या आत्यानं विचारलं, "कंपनी कोणती?" एका मामीनं विचारलं, "बाथरूमची उरली होती का?" आईनं दोघींनाही सारखंच हसून उत्तर दिलं.

मग वरच्या खोल्यांसाठी लोक यायला लागले. दोन कुटुंबं बघून गेली. एकांनी हॉलमध्ये बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो बघितला, पाणीसुद्धा न पिता कळवतो म्हणाले. दुसऱ्यांनी फोनवरच अण्णांचं आडनाव विचारलं होतं, तरी आले, चांगले बोलले, मग त्यांचंही काही कळलं नाही. बाहेरचा क्रीम रंग दोघांनीही नीट बघितला नसावा. स्वयंपाकघरापर्यंत तर कुणी पोचलंच नाही. जूनमध्ये कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या तीन मुली आल्या. त्यांचा प्रश्न एकच होता, नळाला पाणी किती दिवसांनी येतं. बोअर आहे म्हटल्यावर त्यांनी तिथंच ॲडव्हान्स दिला. त्यांतली एक आता संध्याकाळी खाली येऊन आईकडून थालीपीठ शिकते आणि त्या निळ्या भिंतीसमोर रील्स काढते. उजेड चांगला येतो म्हणे.

अण्णांना मी दिवाळीत विचारलं की पुढच्या वेळी रंग काढू तेव्हा बाहेरचा बदलायचा का. ते म्हणाले, "पाच वर्षं गॅरंटी हाये ह्या रंगाला." हो नाही आणि नाही पण नाही.

आईची तक्रार वेगळीच आहे. टाइल्सच्या सांध्यांत चाचांनी पांढरं ग्राउट भरलं होतं. एपॉक्सी भरा म्हणून मीच सांगितलं होतं, पण खर्च वाढत चालला होता, मग साधंच भरलं. सहा महिन्यांत गॅसमागचे सांधे हळदीनं पिवळे झाले. परवा तिनं व्हिडिओ कॉल लावला, कॅमेरा भिंतीला चिकटवला आणि जुन्या टूथब्रशनं एक सांधा घासून दाखवला. "बघ. निघत न्हाई. मला कुणी विचारलं असतं तर मी सांध्यातबी निळंच भरा म्हणलं असतं."

मी म्हणाले, विचारलं होतं की. शीटमध्ये कॉलम होता.

"तेव्हा मला काय कळत होतं," ती म्हणाली. चाचांचा नंबर मागून घेतला आणि फोन ठेवला.